लायसन्सला एजंट लागतो का, आणि ट्रायलला लोक खरंच कुठे अडकतात

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय २४, गाव वाई, नोकरी पुण्यात, आजवर कुठलंच लायसन्स नाही, टू व्हीलर आणि कार दोन्हीचं एकदमच काढायचंय. एजंट साडेसहा हजार मागतोय आणि वर "ट्रायलचं टेन्शन घेऊ नका, ते आमच्याकडे लागलं" म्हणतोय. क्लासला दहा दिवस गेलात पण सिग्नलला गाडी बंद पडते, मागचे हॉर्न मारतात, म्हणून सोडून दिलं. आणि भीती बसलीय ती ट्रायलमधल्या आठच्या आकड्याची आणि रिव्हर्सची.

मी २१ वर्षं आपल्याच सातारा जिल्ह्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, म्हणजे एका अर्थी एजंटाच्याच रांगेत बसलेला माणूस आहे, तरी सांगतो की एजंट लागत नाही. कागदाचं काम एका संध्याकाळचं आहे. लागतं काय तर स्टेअरिंगवर तास लागतात, आणि ते तुमच्या वतीने दुसरं कोणी भरून देऊ शकत नाही.

आधी पैशाचं बघू. सरकारी फी म्हणजे लर्निंगला प्रत्येक प्रकारच्या गाडीमागे १५० रुपये, लर्निंगच्या परीक्षेचे ५०, पक्क्या लायसन्सच्या ट्रायलला प्रत्येक गाडीमागे ३०० आणि लायसन्सचे २००. दोन्ही गाड्या धरून साडेअकराशेच्या आसपास जातं, वर सर्व्हिस चार्ज आणि पोस्टाचे थोडेफार. एजंटाच्या साडेसहा हजारातले हे वजा करा म्हणजे उरलेले पाच हजार कशाचे ते कळेल. तेवढ्यात चांगल्या मास्तरकडे किती तास जास्तीचे मिळतील याचा हिशोब करा.

लर्निंग घरबसल्या होतं. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारवर लर्निंग मिळतं, आरटीओत जायचंच नाही. परिवहनच्या सारथी पोर्टलवर राज्य निवडायचं, आधार टाकायचा, ओटीपी यायचा, नाव पत्ता फोटो आपोआप आधारवरून येतो, फी भरायची, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा (तो पळवून चालत नाही, चहा घेऊन बसा) आणि मग परीक्षा द्यायची. अट एकच, आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे. नसेल तर स्लॉट घेऊन आरटीओत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायची, तेही काही अवघड नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. अर्जात मोबाईल नंबर स्वतःचाच टाकायचा. माझ्याकडे एक मुलगा आला होता, लर्निंग एका एजंटाकडून काढलेलं, आणि एजंटाने सोयीसाठी म्हणून स्वतःचाच नंबर टाकलेला. आता स्लॉट घ्यायचा तर ओटीपी त्या एजंटाला जाणार, एजंट फोन उचलेना, उचलला तर म्हणे उरलेलं कामही मलाच द्या. तीन आठवडे त्यात गेले आणि लर्निंगची मुदत सरत आली. एजंटाला पैसे देऊन नेमकं काय विकत घेतलं होतं, तर स्वतःच्याच लायसन्सची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

परीक्षा १५ प्रश्नांची, ९ बरोबर आले की पास, मराठीत देता येते. नापास झालात तर ५० रुपये भरून परत द्यायची. सायनबोर्ड पाठ करायला लोक घाबरतात पण त्यात आकाराचं गणित कळलं की निम्मं काम होतं: लाल काठाचा गोल म्हणजे हुकूम, मोडला की दंड, लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढे काय आहे ते सांगतोय, सांभाळा, आणि निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती, दवाखाना पेट्रोल पंप वगैरे. त्रिकोण उलटा असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्या, आणि अष्टकोनी असेल तर थांबाच. लोक चुकतात ते बहुतेक नो पार्किंग आणि नो स्टॉपिंगमध्ये (एक तिरकी रेघ म्हणजे पार्किंग नको, फुली म्हणजे थांबायचंच नाही) आणि सर्कलला कोणाला आधी सोडायचं त्यात. उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं. आपल्याकडे सर्कलला जो जास्त जोरात घुसतो त्याला सोडतात, त्यामुळे रस्त्यावर बघून उत्तर देऊ नका.

अर्जात एक तब्येतीचा फॉर्म असतो, फॉर्म १, त्यात सगळे डोळे झाकून टिक मारतात. त्यात एक प्रश्न आहे की २५ मीटरवरची नंबर प्लेट चांगल्या उजेडात वाचता येते का. मी नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी गाडीत बसवतच नाही, रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर वाचायला लावतो. दरवर्षी दोनचार जण तरी सापडतात ज्यांना चष्मा लागलाय हे त्यांनाच माहीत नाही. रात्री समोरच्या लाईटने डोळे दिपतात अशी तक्रार असेल तर आधी डोळे तपासून घ्या. चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र डॉक्टरचं सर्टिफिकेट, फॉर्म १ए, लागतंच. तुमचे वडील तुमच्याबरोबर काढणार असतील तर हे त्यांच्यासाठी.

गाडीचा प्रकार निवडताना चूक होते आणि ती कार्ड हातात आल्यावर कळते. टू व्हीलरमध्ये दोन प्रकार आहेत, गिअरवाली आणि बिनगिअरची. बिनगिअरचं निवडलंत आणि स्कूटरवर ट्रायल दिलीत तर लायसन्स फक्त स्कूटरचं, उद्या भावाची बाईक चालवली तर तुम्ही बिनलायसन्सच्या. गिअरचं काढलं की दोन्ही चालतात. म्हणून महिनाभर कोणाची तरी साधी शंभर सीसीची बाईक घ्या आणि तिच्यावरच शिका, हलकी असते, पाय नीट टेकतात. कारमध्ये ऑटोमॅटिकचं आपल्याकडे वेगळं लायसन्स नाही, एलएमव्ही (म्हणजे हलकी मोटार गाडी) तेच, पण मॅन्युअल शिकून ठेवा असं मी सांगेन, कारण घरची गाडी बहुधा मॅन्युअलच असते.

(घरात १६ वर्षांचा भाऊ असेल आणि तोही मागे लागला असेल तर: त्याला ५० सीसीच्या आतली बिनगिअरचीच चालते, घरातली ११० सीसीची स्कूटर नाही. अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. २०१९ पासून हे कायद्यात आहे तरी क्लासेसच्या बाहेर स्कूटरच्या रांगा बघा.)

लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची ट्रायल देता येत नाही. सहा महिने खूप वाटतात हो, पण दिवाळी, मग लग्नं, मग ऑफिसचं प्रोजेक्ट, आणि मग मला फोन येतो की सर परवा संपतंय. संपलं की पहिल्यापासून. म्हणून ३१व्या दिवसानंतरचा स्लॉट घ्यायचाच, पुण्यात स्लॉट भरलेले असतात त्यामुळे आधीपासून बघत राहा. वाईकडचा पत्ता असेल तर कॅम्पचाही पर्याय बघा, जिल्ह्याच्या आरटीओचे इन्स्पेक्टर ठरलेल्या तारखांना तालुक्याच्या गावी येतात. पुण्यात कारची ट्रायल भोसरीच्या आयडीटीआरच्या (ड्रायव्हिंग प्रशिक्षणाची संस्था) ट्रॅकवर असते, तिथे गर्दी कमी दिसली म्हणून सूट मिळेल असं काही नाही.

आता हे मधले ३० दिवस, सगळं यातच आहे.

लर्निंगवर कार एकटीने चालवायची नाही. शेजारी लायसन्स असलेला माणूस पाहिजे, आणि वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असा बसलेला, मागच्या सीटवर मोबाईल बघत नाही. बाईकवर मागे शिकवणारा सोडून दुसरं कोणी बसवायचं नाही, मैत्रीण नाही, आई नाही. पुढेमागे एल बोर्ड लावायचा, पांढऱ्यावर लाल, नियमात मापही आहे, १८ सेंटीमीटरचा चौकोन आणि एल किमान १० सेंटीमीटर उंच. स्टिकरच्या दुकानात मिळतो तो बहुतेक बारका असतो, घरी पुठ्ठ्यावर करून चिकटवला तरी चालतं. एल बोर्डची लाज वाटते असं मुलं म्हणतात. अहो, तोच तर तुमचा बचाव आहे, मागच्याला कळतं की नवशिका आहे, थोडं अंतर ठेवतो (निदान काही जण तरी).

क्लासचं आता. मोटार वाहन नियमात कारच्या ट्रेनिंगला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितलेत. आता तुमच्या क्लासचं गणित मांडा: एका गाडीत तीन जण, प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं, त्यातली पाच मिनिटं दुसऱ्याला घरून उचलण्यात. वीस धरली तरी २१ दिवसांचे सातच तास होतात. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे आवडणार नाही पण तुम्ही वहीत रोजची मिनिटं लिहा आणि कमी भरली तर मागून घ्या. खाजगी कारच्या लायसन्सला क्लासचं सर्टिफिकेट बंधनकारक नाही, मामाने शिकवलं तरी चालतं, फक्त मामाच्या गाडीला मास्तरच्या बाजूचे पेडल नसतात हे लक्षात असू द्या.

त्या पेडलांवरच बोलायचंय. क्लासच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. बहुतेक मास्तर (मीही, पूर्वी) गाडी बंद पडू नये म्हणून स्वतःच हळूच क्लच दाबतात, विद्यार्थ्याला पत्ता नसतो, त्याला वाटतं आपल्याला जमलं. मग घरच्या गाडीत बसला की चौकात तीनदा बंद. तुमचं हेच झालंय असा माझा अंदाज आहे, तुम्ही लिहिलंय की क्लासमध्ये पहिले आठ दिवस छान गेलं आणि मग अचानक बंद पडायला लागली, तर नवव्या दिवशी तुम्ही बिघडला नाहीत, मास्तरने पाय काढला. आता परत जाल तेव्हा सरळ सांगा, सर पाय मागे घेऊन बसा, बंद पडू दे.

आणि घरी हा एक प्रकार करा. सपाट मोकळं मैदान, गाडी चालू, फर्स्ट गिअर, हँडब्रेक काढलेला, उजवा पाय ब्रेकवर. अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. टाच जमिनीला टेकवून दाबलेल्या क्लचवरचा डावा पाय इतका सावकाश वर घ्या की कोणी बघणाऱ्याला कंटाळा यावा. एका जागी इंजिनचा आवाज जरासा जड होतो, बोनेट किंचित थरथरतं. तिथे पाय गोठवा. आता ब्रेकवरून उजवा पाय काढा, गाडी मुंगीसारखी पुढे सरकेल. दोन सेकंद सरकू द्या, परत क्लच दाबा, ब्रेक. परत तेच. अशी एका बैठकीत पन्नास वेळा करा. बंद पडते ती का पडते, तर त्या थरथरीच्या जागेवर पाय थांबत नाही, घाबरून पटकन सुटतो. डोक्याने हे शिकता येत नाही, पोटरी दुखेल तेव्हा समजा शिकताय. दोन दिवस सपाटीवर झालं की मग हलक्या चढावर, हँडब्रेक ओढून, थरथर आली की हँडब्रेक सोडायचा. मागे न घसरता चढावर गाडी उचलणे हे ट्रायलच्या नियमात लिहिलेलं आहे, आणि तुमच्या गावावरून पसरणी घाटात अडकलात तर तिथेही हेच कामाला येणार आहे.

रिव्हर्सचं भय अर्धं याच पायात असतं. लोक रिव्हर्समध्ये अॅक्सिलरेटर देतात आणि मग स्टेअरिंगला वेळ पुरत नाही. रिव्हर्स पूर्ण क्लचवर घ्यायचा, चालत्या माणसापेक्षा हळू. गाडी हलत असतानाच स्टेअरिंग फिरवायचं, आणि किती फिरवलंय ते विसरलात तर थांबा, थांबायला बंदी नाही, खांबाला लागायला आहे. दोन्ही आरशात बघायचं, एकाच आरशाला चिकटून राहिलं की दुसऱ्या बाजूचा खांब पडतो. घराजवळ चार पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून उभ्या करा, तोच तुमचा ट्रॅक.

आठ बाईकवर काढायचा असतो. पडतात ते सगळे खाली, चाकाकडे बघतात म्हणून पडतात. मान वळवून पुढच्या वळणाकडे बघा, बाईक नजरेच्या मागे जाते, हे ऐकायला देवळातल्या बुवासारखं वाटतं पण करून बघा. फर्स्ट गिअर, हाफ क्लच, मागचा ब्रेक पायाने अगदी हलका धरलेला, पुढच्या ब्रेकपासून बोटं लांब. वळताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच क्षणी आडवी व्हायला बघते आणि पाय टेकतो, आणि पाय टेकला की साहेबांचं पेन खाली जातं.

ट्रायलच्या दिवशी गाडीचं आरसी बुक, इन्शुरन्स, पीयूसी, तुमचं मूळ लर्निंग, एल बोर्ड, बाईकला हेल्मेट. चप्पल नको, बूट. आमच्याकडे एक शेतकरी काका आले होते, वय ५२, तीस वर्षं ट्रॅक्टर आणि जीप चालवलेली, कॅम्पला ऐटीत बसले, काय गाडी उचलली म्हणता, लोण्यासारखी, आणि दीड मिनिटात नापास. बेल्ट लावला नाही, आरसा आधीच्या उमेदवाराने वाकडा केलेला तो तसाच, वळताना हात ना इंडिकेटर. काका म्हणाले, अहो मागे कोणी नव्हतंच की. साहेब म्हणाले, ते तुम्ही बघितलं कधी? नियम १५ मध्ये ट्रायलला काय काय तपासायचं याची यादी आहे, त्यात अगदी पहिलं कलम आरसा नीट करणे हे आहे, गाडी पळवणे नंतर. म्हणून बसल्या बसल्या हे सगळं दिसेल असं करा: सीट पुढेमागे, आरसा हाताने धरून हलवा, बेल्टचा खटका वाजवा, गिअर न्यूट्रलला आहे का हलवून बघा. डोळ्यांनी नुसतं आरशात बघितलं तर शेजारच्याला कळत नाही, मान थोडी वळवा. गाडी बंद पडली तर दचकू नका, क्लच, न्यूट्रल, सेल्फ, परत. बंद पडलेली शांतपणे चालू करणारी मुलगी पास झालेली मी खूपदा बघितलीय.

नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या ट्रायलपासून ६० दिवस थांबावं लागतं, म्हणून अर्धवट तयारीने "बघू तरी काय होतंय" म्हणून जाऊ नका.

पास झाल्यावर कार्ड पोस्टाने घरी येतं. पुण्यात रूमवर राहता आणि आधारवर पत्ता वाईचा असेल तर कार्ड वाईलाच जाणार, घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर पोस्टमन परत नेतो आणि मग ते शोधत बसा. तोवर डिजीलॉकर किंवा एमपरिवहन मधलं दाखवलं तरी कायद्याने चालतं, नुसता फोटो काढून ठेवलेला चालत नाही. कार्ड आलं की पहिलं काम, मागेपुढे वाचायचं: एमसीडब्ल्यूजी (गिअरवाली टू व्हीलर) आणि एलएमव्ही दोन्ही छापलंय का, स्पेलिंग, जन्मतारीख. तुमचं वय तिशीच्या आत आहे म्हणून मुदत चाळीस पूर्ण होईपर्यंतची मिळेल, म्हणजे १६ वर्षं ही चूक तुमच्या पाकिटात राहणार.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की लायसन्स मिळालं की पुण्याहून वाईला स्वतः गाडी घेऊन येऊ का. या, पण पहिल्यांदा रविवारी पहाटे सहाला निघा, शुक्रवारी संध्याकाळी नाही, शेजारी कोणीतरी अनुभवी बसवा. खंबाटकीच्या चढाला ट्रक रांगेत असतात, त्यांच्या शेपटाला चिकटायचं नाही, ट्रक मागे सरकतो. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापतात आणि खाली येईपर्यंत जळका वास येतो. वास आलाच तर बाजूला घ्या, बोनेट उघडायची गरज नाही, अर्धा तास चहा प्या आणि मग निघा.